ढवळाढवळ करू नये

आमच्या भोजनालयात डाव एकच होता. लांब दांड्याचा, पत्र्याचा, एका बाजूला चेपलेला. त्या एका डावानं सगळ्या वस्तीला सूप वाढलं जायचं आणि दारावर पाटी होती, 'सर्वांना एक डाव'. ही पाटी माझी. म्हणजे रंगवली दुसऱ्या कुणीतरी, पण शब्द माझे. नियोजन कचेरीत मी मसुदे लिहायचो. साहेबांच्या मनात काय आहे ते पुष्कळदा साहेबांनाही माहीत नसायचं. ते ओळखायचं, त्याला व्याकरण घालायचं आणि खाली सहीपुरती जागा सोडायची, हे माझं काम. बायको मला 'भाषाप्रभू' म्हणायची. हे कौतुक नाही, हे समजायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

वाटपात पंक्तिप्रपंच चालणार नाही, असं सरकारचं धोरण होतं, आणि ते अगदी काटेकोर पाळलं जायचं. एका पंगतीला बसलेल्या दोघांच्या वाडग्यांत एका वाटाण्याचा फरक सापडला नसता. ज्यांना फरक करायचा होता त्यांनी पंगतीच चार केल्या होत्या. पहिली निवृत्तांची आणि अवलंबितांची, दुसरी कारखान्यातल्यांची, तिसरी शिक्षक आणि तंत्रज्ञांची, आणि चौथी आम्हा कचेरीवाल्यांची. आम्ही सगळ्यांच्या नंतर जेवतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि सांगताना आमचा ऊर भरून यायचा. शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस त्यागी, असा आमचा समज होता. मी तर दर दुपारी त्याग करून करून गुबगुबीत झालो होतो.

घरी चहापुरतंच इंधन मिळायचं. सकाळी पाव, संध्याकाळी पाव, आणि खरं जेवण एकच, दुपारचं, तेही भोजनालयात बसून. वाडगा बाहेर न्यायला परवानगी नव्हती. बायको बटणांच्या कारखान्यात होती, ती तिकडच्या भोजनालयात जेवायची. मी आणि सासरे मात्र एकाच भोजनालयात, एकाच हंड्यातलं जेवत होतो. मी चौथ्या पंगतीला, ते पहिल्या.

सासरे बॉयलर बसवणारे. उभा जन्म आगीपाशी गेलेला, त्यामुळे बोलणं कमी आणि घाम जास्त. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि आमच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर त्यांनी संसार मांडला. संसार म्हणजे एक उशी, एक दाढीचा डबा आणि एक खुंटी. मला ते 'जावईबापू' म्हणायचे. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण त्यांनी मला कधी ग्रहासारखं वागवलं नाही. उलट मी काही बोललो की हातातलं काम थांबवून ऐकायचे. माझं बोलणं थांबून ऐकणारा त्या घरात दुसरा कुणी नव्हता, आणि कचेरीतही नव्हता.

त्या थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. वाचले, पण उठले तेव्हा अंगावर फक्त हाडं होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"यांच्या अंगात काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं तर ठीक. नाहीतर विश्रामधामात पाठवावं लागेल."

"विश्रामधामात काय करतात?"

"विश्राम," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

विश्रामधाम वस्तीच्या बाहेर, रेल्वेच्या गोदामांपलीकडे होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचे दीर तिथे गेले होते. काही दिवसांनी त्यांचा कोट परत आला, धुतलेला, इस्त्री केलेला. बाईंनी तो अजून घातला नव्हता आणि विकलाही नव्हता. तेव्हा प्रश्न सरळ होता. म्हाताऱ्याच्या अंगावर मांस चढायला हवं होतं, आणि ते दुपारच्या त्या एका वाडग्यातूनच चढणार होतं.

मी रोज विचारायचो, "बाबा, जेवलात ना नीट?"

"जेवलो की."

"काय होतं?"

"सूप."

मलाही सूपच असायचं. वाटाणा, बटाटा, आणि डाव नशिबानं पडला तर मांसाचे दोन-चार तुकडे. माझ्या वाडग्यात चमचा उभा राहायचा. तेव्हा मी असं निदान केलं की सासरे खात नाहीत, चघळत बसतात, आणि पंगत उठली की अर्धा वाडगा टाकून उठतात. यावर मी त्यांना एक छोटंसं व्याख्यान दिलं. अन्न सावकाश पण सातत्याने खावं, असा त्याचा सारांश होता. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवून ते पूर्ण ऐकून घेतलं.

एका संध्याकाळी बायको दिव्याखाली शिवत बसली होती. आधी तिनं वडिलांचा सदरा दोन्ही बाजूंनी आत घेतला. मग त्याच सुईत तोच दोरा असताना तिनं माझी विजार उचलली आणि कमरेची शिवण उसवायला लागली.

"काय करतेस?"

"सैल करतेय. कालच म्हणालात ना, बसताना आवळते."

मग सुई हातात धरूनच तिनं विचारलं, "अहो, तुम्ही दोघं एकाच हंड्यातलं खाता ना?"

"एकाच. डावसुद्धा एकच. पाटीच आहे तशी."

"मग एक फुगतोय आणि एक वाळतोय, हे कसं काय?" ती वडिलांकडे वळली. "बाबा, खरं सांगा. वाडग्यात काय असतं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "गरम असतं," ते म्हणाले. "वाटाणे दिसतात अधूनमधून. नाही असं नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या डोक्यात असे प्रकाश पडतात तेव्हा बायको दार लावून घेते, पण त्या दिवशी तिला वेळ मिळाला नाही.

झालं होतं ते असं. वर्षभरापूर्वी वरचे अधिकारी भोजनालयाच्या स्वयंपाकघरात शिरायला लागले होते. झाकणं उचलायची, चव बघायची, चव बघता बघता पोट भरायचं. तक्रार झाली, तेव्हा साहेबांनी मला एक परिपत्रक लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'भोजनालयाच्या कामात कोणत्याही प्रकारची ढवळाढवळ करू नये.' सुंदर वाक्य होतं. वाचताना कुठेही अडखळायला होत नव्हतं. ते स्वयंपाकघरात हंड्याच्या वरच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं, पण भिंत अपुरी पडली आणि रंगाऱ्यानं शेवटचे शब्द तेवढे घेतले. 'ढवळाढवळ करू नये.' हंड्याच्या बरोबर वर!

"लक्षात येतंय का तुमच्या?" मी उभा राहून म्हणालो. "त्यांनी ते शब्दशः घेतलं! ते सूप ढवळतच नाहीत! सगळा घट्ट माल तळाशी बसतो. पहिल्या पंगतीला वरचं पाणी, आणि चौथ्या पंगतीला तळ. हे सगळं माझ्या एका शब्दामुळे झालंय."

"तुमचं लिहिलेलं कुणी वाचतं?" बायकोनं विचारलं.

"वाचतात म्हणून तर ही वेळ आली!"

मला फार वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या वाइटाच्या पोटात एक गोड कळही होती, आणि ती लपवणं मला जमत नव्हतं. माझ्या एका शब्दानं सगळ्या वस्तीचं पोट हललं होतं. असा शब्द कचेरीतल्या दुसऱ्या कुणी लिहिला होता? खोलीभर फेऱ्या मारत मी स्वतःला दोष देत होतो, आणि जितका दोष देत होतो तितकी छाती पुढे येत होती. सासरे बाकावर बसून माझ्याकडे बघत होते.

"असेल बुवा," ते म्हणाले. "शब्दात ताकद असते."

बायकोनं दोरा दातानं तोडला. "ताकद असेल तर उद्या उलटा शब्द लिहा आणि मोकळे व्हा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे नवा मसुदा ठेवला. 'भोजनालयातील सूप ढवळण्यास हरकत नाही.' त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. साहेब चष्मा काढायचे तेव्हा समजायचं की मसुदा गेला.

"हरकत नाही म्हणजे काय?" ते म्हणाले. "म्हणजे इतके दिवस हरकत होती?"

"तसा गैरसमज झाला असावा."

"कुणाचा?"

"स्वयंपाकघराचा."

"स्वयंपाकघराला गैरसमज झाला असं आपण लेखी द्यायचं? उद्या कुणी विचारलं, इतके दिवस सूप का नाही ढवळलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ढवळणं हा शब्दच मला बरा वाटत नाही. ढवळून काढणं वगैरे त्याचे नातेवाईक आहेत. तुम्ही भाषेतले आहात, तुम्हाला कळायला हवं."

मी 'ढवळणे'ऐवजी 'हलवणे' सुचवलं. ते त्यांना जास्तच वाईट वाटलं. 'मिसळणे' सुचवलं, तर म्हणाले, कशात काय मिसळतात अशी शंका लोकांना येईल. शेवटी त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. वाटाण्याच्या अक्षता माझ्या वाट्याला आल्या, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याच्या वाट्याला वाटाणाही आला नाही.

मग मी ठरवलं की आपणच ढवळायचं.

हे ठरवल्यावर मला स्वतःबद्दल जो आदर वाटला तो आजही आठवला की कान गरम होतात. सकाळी मी दाढी केली. कोट झटकला. आजारी माणसाला आधार म्हणून एका नातेवाइकाला पहिल्या पंगतीत आत सोडायचे, तो नियम मला ठाऊक होता, कारण तोही मीच लिहिला होता. वाटेत मी एक वाक्य तयार केलं: 'हा तळ कुणा एकाचा नाही.' हंडा ढवळून झाला, घट्ट सूप वर आलं, म्हातारी माणसं थक्क होऊन बघायला लागली, की ते म्हणायचं. बरोबर सासरे माझा हात धरून चालत होते. त्यांच्या हाताचं वजन जवळजवळ लागतच नव्हतं.

"जावईबापू, राहू दे ना," ते दारात म्हणाले.

"बाबा, तुम्ही फक्त बघा."

आत बाकांवर पहिली पंगत बसली होती. मफलर गुंडाळलेली, कोट न काढलेली माणसं. कुणी बोलत नव्हतं. वाढायच्या खिडकीपाशी रांग होती, आणि खिडकीपलीकडे हंडा. वाढणाऱ्या मावशी जाडजूड, बाह्या वर केलेल्या, कपाळावर वाफेचं पाणी. मी रांग सोडून बाजूच्या दारानं सरळ आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. स्वयंपाकघरात जाऊ नये असं मीच लिहिलेलं असल्यामुळे मी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मावशी, डाव द्या."

"अहो, काय हे, रांगेत या की!"

मी त्यांच्या हातातून डाव घेतला. घेतला म्हणजे ओढला, त्यांनी सोडला नाही, मी परत ओढला, आणि थोडं सूप माझ्या कोटावर सांडलं. सगळी पंगत मान वळवून बघायला लागली. मी डाव हंड्यात घातला, पार तळापर्यंत नेला आणि जोर लावून फिरवला. तळावर पत्रा घासल्याचा खरखर आवाज झाला. एकदा फिरवला, परत फिरवला, उलट्या बाजूनं फिरवला. खालून एक बटाट्याची साल वर आली, जरा तरंगली आणि बुडाली. मागून काही वाटाणे आले. तेही कंटाळल्यासारखे गेले. पाणी मात्र झकास फिरत होतं.

"काही पडलंय का तुमचं आत?" मावशींनी विचारलं. "अंगठी वगैरे?"

बाकावर कुणीतरी हसलं. माझं तयार केलेलं वाक्य घशात तसंच राहिलं.

"मावशी, हे... घट्ट कुठे आहे?"

"कसलं घट्ट?"

"तळाचं. चौथ्या पंगतीला जे मिळतं ते."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, सैल केलेल्या विजारीसकट. मग त्यांनी डाव परत घेतला आणि फडक्याला पुसला.

"ते होय," त्या म्हणाल्या. "ते यात कुठलं असायला? चौथीच्या आधी कोठीतनं वेगळी बादली येते. ती यात ओततो. मांस-बिंस सगळं त्यातच असतं."

"असा आदेश आहे?"

"आदेश कशाला हवा? पहिल्यापासून येते."

"लेखी काही?"

"बादलीवर काय लिहिणार, साहेब?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत त्याचा अर्थ लिहून मार्कही मिळवले होते. तरी मी हट्टानं विचारलंच, "पण मग तुम्ही सूप ढवळत का नाही?"

"ढवळत नाही?" मावशींना आता खरोखर राग आला. "सकाळपासून ढवळून ढवळून खांदे भरून आलेत माझे! तो बघा की, समोर हुकूमच लिहिलाय."

मी वर बघितलं. वर्षभराच्या वाफेनं भिंतीवरचा रंग सुटला होता. मागची सगळी अक्षरं ओघळून गेली होती आणि शिल्लक राहिलं होतं फक्त 'ढवळा'.

बाकीची पंगत मी कशी पार पाडली ते मला नीट आठवत नाही. सासऱ्यांशेजारी बसलो. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरून, फुंकर घालत, ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. चघळत बसले नाहीत आणि काहीही टाकलं नाही. टाकण्यासारखं त्यात नव्हतंच.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं 'ढवळा' ऐकल्यावर पदर तोंडाला लावला आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासरेही हसले. मग मला काहीतरी खटकलं, कारण ते हसले पण त्यांना नवल वाटलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला बादलीचं माहीत होतं?"

ते दाढीच्या डब्याची उघडझाप करत बसले.

"वास येतो हो," ते म्हणाले. "आमचं जेवण उरकून आम्ही बाहेर कठड्यावर बसतो ना उन्हाला. तुमच्या पंगतीच्या आधी कोठीचं दार उघडतं. पहिल्या पंगतीतल्या सगळ्यांना माहीत आहे. काही जण त्या वासासाठीच थांबतात."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी त्या दिवशी घरभर ओरडत होतो, माझ्या शब्दामुळे झालं, माझ्या शब्दामुळे झालं..."

"तुम्ही इतके खूश होतात त्या दिवशी," ते संकोचून म्हणाले. "म्हटलं, राहू दे. घरात एक माणूस तरी खूश आहे."

बायकोचं हसू थांबलं. तिनं पदर खाली घेतला. मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला कळलं की ती काय म्हणणार आहे. तिनं ते म्हणू नये म्हणून मी घाईघाईनं बोलायला लागलो. वर तक्रार करता येईल, म्हणालो. एक निवेदन लिहितो. निवेदनाची भाषा सौम्य ठेवली तर...

"अहो," ती म्हणाली, "तुमची जागा त्यांना द्या."

पंगतीतली जागा घरातल्या माणसाला देता येत होती. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. बिल्ल्यांच्या खिडकीवर जाऊन आपला चौथीचा पितळी बिल्ला द्यायचा आणि त्यांचा पहिलीचा पत्र्याचा घ्यायचा. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी विश्रामधामाचं नाव काढलं तेव्हाही माहीत होतं. पण ते माझ्या मनात आलं नव्हतं, म्हणजे ते येऊ लागलं की मी दुसरं काहीतरी आणत होतो. मसुदे, शब्द, डाव, भाषण. एवढी मोठी फिरकी मी स्वतःचीच घेतली होती आणि वर घाम पुसत होतो.

तरी मी लगेच 'हो' म्हणालो नाही. चौथ्या पंगतीला बसलं की साहेबांची नजर राहते, म्हणालो. बढतीची बोलणी तिथेच होतात. आणि बाबांना त्या लोकांत अवघडल्यासारखं होईल. हे शेवटचं कारण मला फारच उदार वाटलं.

"मला काही अवघडणार नाही," सासरे म्हणाले.

एवढं चटकन ते आयुष्यात काही बोलले नव्हते.

खिडकीवरची बाई बिल्ले तारेत ओवत बसली होती. मी आमचं काम सांगितलं. तिनं मान वर केली.

"विचार केलाय ना? एकदा दिली की परत मिळत नाही. चौथीसाठी लोक ताटकळत बसलेत."

"थोड्या दिवसांपुरती देता येईल का? म्हणजे त्यांचं वजन वाढेपर्यंत?"

"नाही."

मागे सासरे उभे होते, तेही ऐकत होते. मी बिल्ला खिशातून काढला. काढला, पण मूठ उघडेना. माझी बायको म्हणते मी गोष्टी रंगवून सांगतो, पण हे खरं आहे: त्या बाईनं खिडकीतून हात बाहेर काढला, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि बिल्ला घेतला. मग पत्र्याचा बिल्ला माझ्या तळहातावर ठेवून तिनंच माझी मूठ मिटली.

कचेरीत दुपारपर्यंत बातमी पसरली. कारण कुणी विचारलं नाही. पहिल्या पंगतीला गेला म्हणजे वरून काहीतरी झालं असणार, एवढं त्यांना पुरलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, जे माझ्याकडून शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्यायचे, ते मला बघून खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी दोन मसुदे दुसऱ्याकडे दिले. मी मनातल्या मनात हुतात्मा झालो आणि त्याची चव घेत बसलो, कारण चव घ्यायला दुसरं काही राहिलं नव्हतं.

सासऱ्यांचं वजन पुढे वाढलं, डॉक्टरीणबाईंनी काट्यावरून मान वर केली आणि 'बरं आहे' म्हणाल्या, विश्रामधामाचा विषय निघाला नाही. ते सगळं नीट झालं. मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाचं.

पहिल्या दिवशी मी निवृत्तांच्या बाकावर बसलो. शेजारच्या आजोबांनी आपुलकीनं विचारलं, "इतक्या तरुणपणी सुटलात?" मी वाडगाभर गरम पाणी प्यायलो, बरोबरचा पाव खाल्ला, आणि उठलो तेव्हा मला आधीपेक्षा जास्त भूक लागली होती. कचेरीत परत जायला हवं होतं. गेलो नाही. चौथी पंगत बसेपर्यंत कठड्यावर थांबलो. कोठीचं दार उघडलं, वास आला, आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मला स्वतःची लाज वाटली. सासरे माझ्यासमोरून आत गेले. आत घेतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले. मला बघून त्यांनी मान हलवली.

मी बाहेरूनच भोजनालयाच्या खिडकीपाशी गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा बघायचा होता. पहिला घास घेताना ते थांबतील, जावयाची आठवण काढतील, डोळे भरून येतील; असं काहीतरी मी कठड्यावर बसून रचलं होतं. एवढं दिल्यावर तेवढं मागायचा मला हक्क आहे असं वाटत होतं. काच धुरकट होती, ती मी बाहीनं पुसली.

ते माझ्याच खुर्चीवर बसले होते. वाडग्यातून चमचा तोंडात, तोंडातून वाडग्यात, मध्ये कुठे थांबणं नव्हतं. शेजारी साहेब काहीतरी बोलत होते, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. हनुवटीवरून सूप ओघळत होतं. ज्या माणसानं माझं प्रत्येक पोकळ वाक्य हातातलं काम ठेवून ऐकलं होतं, तो माणूस आता कुणाचंही काही ऐकत नव्हता. इतके दिवस तो इतका उपाशी होता, आणि तसा उपाशी असतानाच 'शब्दात ताकद असते' असं म्हणून त्यानं माझी समजूत काढली होती.

मी काचेवर टकटक केलं. का केलं ते माहीत नाही. त्यांनी दचकून वर बघितलं. मला ओळखलं, नाही असं नाही. पण ओळखूनसुद्धा त्यांनी डावा हात पटकन वाडग्याभोवती आडवा धरला, वाडगा छातीशी ओढला आणि माझ्याकडे बघत, त्या हाताआडून, भराभर खात राहिले.

ते माझ्यापासून वाडगा वाचवत होते. मला रडायला आलं, आणि त्यात मोठेपणा काही नव्हता. मला भूक लागली होती, आणि त्यांना माझी भीती वाटली होती. मी काचेपासून मागे सरकलो, त्यांना निवांत खाता यावं म्हणून.